व्यावसायिक, धंदेवाईक आणि वॉल्टर टल

एका वाचकांनी वॉल्टर टलचं छोटं चरित्र मराठीत लिहायला घेतलं आहे. त्यांचं पहिलं वाक्य असं: ‘वॉल्टर टल हा इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय व्यवसायिक फुटबॉलपटूंपैकी एक, पहिल्या महायुद्धात तो शहीद झाला.’ ते विचारतात, ‘व्यवसायिक’ ठेवू की जुन्या वर्तमानपत्रांसारखं ‘धंदेवाईक’ लिहू? आणि ‘शहीद’ चालेल का?

आधी तो ‘व्यवसायिक’ खोडा. पाट्यांवर, परिपत्रकांत, बातम्यांत हा शब्द रोज डोळ्यांत खुपतो. ‘व्यावसायिक’ हवं. ‘इक’ लागला की पहिल्या ‘अ’चा ‘आ’ होतो, समाजाचं सामाजिक, एवढं सांगून शुद्धलेखनवाले हात झटकतात. मग व्यक्तीचं ‘व्याक्तिक’ का होत नाही, ‘वैयक्तिक’ कसं होतं, हे त्यांना विचारून बघा. ‘वि’ उपसर्गाच्या ‘इ’चा ‘य’ झाला असेल तर पाणिनी त्या ‘य’च्या आधी ‘ऐ’ आणायला सांगतो. व्याकरण जाणणारा वैयाकरण होतो तो त्यामुळेच. या हिशेबानं व्यवसायाचं ‘वैयवसायिक’ व्हायला हवं होतं! व्यवहाराला मात्र पाणिनीच्या गणपाठात, म्हणजे शब्दांच्या याद्यांत, सूट आहे, म्हणून ‘व्यावहारिक’. माझं स्पष्ट मत असं, की ‘व्यावसायिक’ हा त्याच्याच पासावर फुकटात आत शिरलेला गडी आहे. आता शिरलाच आहे तर बसू दे.

पण खरी गंमत ‘व्यवसाय’ या शब्दात आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४१वा श्लोक काढा: ‘व्यवसायात्मिका बुद्धिरेकेह कुरुनन्दन’. इथं ना दुकान आहे, ना पगार. व्यवसाय म्हणजे निश्चय. ‘सो’ धातूचा अर्थ संपवणं, तडीस नेणं. त्याला ‘अव’ लागून अवसान, म्हणजे शेवट. ‘अव’च्याही आधी ‘वि’ लागला की व्यवसाय. आणि आपण ‘अवसान गळालं’, ‘उसनं अवसान आणलं’ म्हणतो ते अवसान? काही जाणकार लगेच हिंदीतल्या ‘औसान’कडे बोट दाखवतात, म्हणजे भान, शुद्ध. मला हे अजिबात पटत नाही. भान हरपतं, सुटतं. गळतो तो जोर. आणि उसनं भान आणलेला माणूस कुणी पाहिला आहे? शेवटापर्यंत टिकण्याची ताकद, असा अर्थ संस्कृत ‘अवसाना’तूनच मराठीनं काढला, असं मी धरून चालतो. म्हणजे व्यवसाय आणि अवसान या सख्ख्या बहिणी. ज्यांना औसान लाडकं आहे त्यांनी ते खुशाल ठेवावं, पण गळतं कसं ते सांगावं.

आता ‘धंदेवाईक’. नातेवाईक, तऱ्हेवाईक, मासलेवाईक यांच्याच पंगतीतला हा शब्द, प्रत्ययात काही खोट नाही. ‘धंदेवाईक रंगभूमी’ आपण वर्षानुवर्षं सरळपणे म्हणत होतो. त्या शब्दाला आज जो वास येतो तो, माझ्या मते, साहेबाच्या मैदानावरून आला. तिथं फुकट खेळणारा तो सभ्य गृहस्थ आणि पैसे घेणारा तो नुसता खेळाडू! तिकडच्या क्रिकेटमध्ये तर ‘जंटलमेन विरुद्ध प्लेयर्स’ असे सामने १९६२पर्यंत होत होते. (उलट ‘हौशी’चं मूळ बघा: अरबी हवस. हिंदीत ती वासना झाली, मराठीत मात्र हौस होऊन राज्य नाट्य स्पर्धेच्या नावात जाऊन बसली.)

टल हा हौशी आणि पगारी या दोन्ही बाजूंना राहिलेला माणूस. वडील बार्बाडोसचे सुतार, आई केंटमधली. दोघंही लवकर गेली आणि पोर लंडनच्या अनाथालयात वाढलं. क्लॅप्टन क्लबकडून तो हौशी म्हणून खेळला, आणि १९०९मध्ये टॉटनहॅम हॉट्स्पर क्लबनं त्याला पैसे देऊन घेतलं: करारावर सही केल्याचे १० पौंड, पुढं आठवड्याला फार तर ४ पौंड, कारण त्याहून जास्त द्यायला नियमानंच बंदी होती. एवढ्याशा पैशांवर ‘धंदेवाईक’ म्हणून नाकं मुरडायची! त्याच वर्षी ब्रिस्टलच्या मैदानात प्रेक्षकांनी त्याच्या रंगावरून गलिच्छ आरडाओरडा केला. पुढं तो नॉर्थॅम्प्टन टाउन क्लबकडं गेला, तिथं १११ सामने खेळला.

१९१४मध्ये युद्ध पेटलं तरी लीगचे सामने चालूच राहिले, तेव्हा पगारी खेळाडूंवर पुन्हा चिखलफेक झाली. डिसेंबरमध्ये लंडनच्या फुलम टाउन हॉलमधल्या सभेत मिडलसेक्स रेजिमेंटची १७वी, म्हणजे ‘फुटबॉल बटालियन’ उभी राहिली आणि टल त्याच महिन्यात भरती झाला. गंमत अशी, की या शिपायांना प्रशिक्षणाच्या काळात शनिवारी आपापल्या क्लबकडून खेळायला सुटी मिळे. आठवडाभर परेड आणि शनिवारी सामना; यांना कोणत्या खान्यात घालणार? अधिकारी शुद्ध युरोपीय वंशाचाच हवा, असा तेव्हा ब्रिटिश लष्कराचा दंडक होता. तरीही ३० मे १९१७ला टल सेकंड लेफ्टनंट झाला. इटलीत प्याव्हे नदीपलीकडं त्यानं माणसं नेली आणि परत आणली. त्याच्या धीराची वरिष्ठांनी लेखी दखल घेतली. व्यवसाय म्हणजे निश्चय, हे मी उगाच सांगत नव्हतो.

तेव्हा ‘व्यावसायिक’च लिहा. ‘धंदेवाईक’ मला चालेल, तुमच्या वाचकाला चालणार नाही.

‘शहीद’चं म्हणाल तर हल्ली बातम्यांत जो तो शहीदच होतो, जणू लढाईत मरायला मराठीत दुसरी सोयच नाही. ‘हुतात्मा’ म्हटलं की आपल्याला चौक आणि चळवळ आठवते. ‘धारातीर्थी पडला’ यात धार आहे ती तलवारीची, पाण्याची नव्हे. हा तर २५ मार्च १९१८ला फ्रान्समध्ये फाव्रॉयजवळ माघार घेताना गोळी लागून गेला. सोबतच्या सैनिकांनी, त्यात लेस्टर फॉस क्लबचा माजी गोलरक्षक टॉम बिलिंगहॅमही होता, त्याचा देह मागे आणायची धडपड केली, पण तो मिळाला नाही. फ्रान्समधल्या अरासच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. बखरीतला शब्द घ्या आणि सरळ लिहा: ‘टल फाव्रॉयजवळ कामी आला.’