दुखणं मुलीचं, मग बोलावणं सगळ्यांना का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १५ वर्षांच्या मुलीचं रोज सकाळी पोट दुखतं, शाळा बुडते, तपासण्यांत काही निघालं नाही आणि आता समुपदेशक म्हणतात, घरातले सगळे या, आजींनाही आणा. "त्रास तिला, मग आमची हजेरी कशाला?" मी हे काम बरीच वर्षं करतेय. पहिल्या भेटीला बहुतेक बाबा हाच प्रश्न चेहऱ्यावर घेऊन बसलेले असतात.

असं सगळ्यांना बोलावण्याला 'होलिस्टिक', म्हणजे सगळ्या बाजूंनी बघणारी, पद्धत म्हणतात. हा शब्द ऐकला की लोकांना ध्यान आणि जडीबुटी आठवते. इथे त्याचा तसा काही संबंध नाही. शरीर, मन आणि भोवतालची माणसं एकत्रच बघायला हवीत, असं जॉर्ज एंगेल या डॉक्टरांनी १९७७ मध्ये मांडलं होतं, ते हेच. त्यामुळे झोप, जेवण, पाळी, चालू औषधं यांचीही चौकशी होईल. नाही झाली तर तुम्हीच विषय काढा. आणि रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून मुलगी नाटक करतेय असं कृपया समजू नका. पोट खरंच दुखतं.

सुरुवातीला बहुधा तुमच्या घराचा जिनोग्राम, म्हणजे घरातल्या माणसांचा आणि नात्यांचा नकाशा, काढतील. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, निदान तीन पिढ्या, आणि ज्यांचं पटत नाही त्यांच्यामध्ये नागमोडी रेघ. एकदा एका जोडप्याचं, आपल्या दोघांमध्ये ही रेघ काढायची की नाही, यावरूनच माझ्यासमोर वाजलं. कोपऱ्यातला मुलगा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "दोन काढा."

कुटुंबांवर काम केलेले मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांचं म्हणणं असं, की दोघांमधला ताण झेपेना झाला की तिसरा माणूस मध्ये ओढला जातो. बऱ्याचदा ते मूल असतं. त्याचं दुखायला लागलं की भांडण थांबतं, दोघंही त्याच्याकडे धावतात. मूल हे ठरवून करत नाही, आईबापही नाही. तुमच्याकडे असं काही नसेलही! शाळेत कुणी छळत असेल, एखादा विषय डोक्यावरून जात असेल. म्हणूनच प्रश्न फिरवून विचारतात: "तिचं पोट दुखलं की सगळ्यात आधी कोण घाबरतं? मग आजी काय करतात? तेव्हा बाबा कुठे असतात?" तिच्यासमोर हे इतरांना विचारलं, की 'बिघडलेली मी एकटीच' हे ओझं थोडं उतरतं. दोष वाटून घ्यायला कुणी बोलावत नाही, हे आजींना घरीच सांगा.

मुलीला एकटीला वेळ मिळतो का आणि तिचं बोलणं तुमच्यापर्यंत किती येणार, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. घरात मारहाण होत असेल तर सगळ्यांना एकत्र बसवणं धोक्याचं, तेव्हा भेटी वेगळ्याच हव्यात. मुलगी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एकाच भेटीत 'चूक आईची' असा निकाल देणारा समुपदेशक मात्र मी बदलला असता.

आणि हो, तिथे काय बोलायचं ते वाटेत तिला पढवू नका. ती उत्तर देण्याआधी तुमच्याकडे बघते आणि आम्हाला कळतं.