दिसलं नाही, तर तसंच लिही

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज वाचला. फोन केला असता तर 'हो मॅडम, हो मॅडम' म्हणून मोकळी झाली असतीस, म्हणून लिहितेय.

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी आणि व्हॅस्क्युलर डॉप्लर म्हणजे रक्तवाहिन्यांची, कोऑर्डिनेटर म्हणून दोन्हींची जबाबदारी तुझ्या गळ्यात पडली. साहेब म्हणतात, रिपोर्टमध्ये 'नीट दिसलं नाही' फार यायला लागलंय. ऑफिस म्हणतं, ओपीडीची रांग लिफ्टपर्यंत जाते. आणि तुझ्याआधीपासून तिथे असलेले टेक्निशियन म्हणतात, ही कालची पोरगी आम्हाला काय शिकवणार. तू विचारतेस, कुणाचं ऐकू? खरं सांगू, या प्रश्नाचाच मला राग आला. पेशंट टेबलावर असताना तू असं विचारत नाहीस. मग खुर्चीत बसल्यावर काय झालं?

दिसलं नाही, तर 'दिसलं नाही' असंच लिहायचं. तुझ्या टीममधल्या सगळ्यात नवख्या पोराला हे वाक्य न घाबरता लिहिता आलं पाहिजे. कोऑर्डिनेटर म्हणून तुझं काम मुख्यतः हेच आहे. ड्युटी चार्ट कुणीही लावेल.

आपल्याकडचा टेम्प्लेट आठव. 'नो आरडब्ल्यूएमए, नो क्लॉट, ईएफ 60 टक्के.' म्हणजे हृदयाची भिंत सगळीकडे नीट हलते, रक्ताची गाठ नाही, पंपिंग 60 टक्के. पेशंट अजून कुशीवरही वळलेला नसतो आणि रिपोर्ट टाइप होऊन तयार. आता मायट्रल स्टेनोसिसची, म्हणजे मायट्रल व्हॉल्व्ह अरुंद झालेली एखादी बाई घे, एएफमध्ये असलेली, म्हणजे ठोके अनियमित झालेली. लेफ्ट एट्रियल अपेंडेज, म्हणजे हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याचा क्लॉट लपवणारा छोटा खिसा, छातीवरून केलेल्या इकोत धड दिसत नाही. क्लॉट नाही हे ठामपणे सांगायला टीईई, म्हणजे अन्ननलिकेतून केलेला इको लागतो. मग 'नो क्लॉट' म्हणालं कोण? टेम्प्लेट म्हणाला. तिला बलूनला, म्हणजे फुग्याने व्हॉल्व्ह रुंद करायला घेतलं आणि तो क्लॉट सुटून मेंदूत गेला, तर टेम्प्लेटला कुणी जाब विचारणार नाही. सही साहेबांची असेल, पण प्रोब, म्हणजे छातीवर फिरवायचं मशीनचं टोक, तुझ्या माणसाच्या हातात होता.

डॉप्लरचंही तेच. पाय सुजून टम्म झालाय, मांडीतली आणि गुडघ्यामागची व्हेन दाबल्यावर व्यवस्थित मिटते, पण पिंढरीत काही कळत नाही. 'डीव्हीटी नाही', म्हणजे पायातल्या खोल व्हेनमध्ये गाठ नाही, असं लिहिलंस की फाइल बंद. 'पिंढरीतल्या व्हेन दिसल्या नाहीत' असं लिहिलंस तर डॉक्टर आठवड्याभरात पुन्हा डॉप्लर करायला बोलावतील, आणि तोवर वर सरकलेली गाठ सापडेल. तुझ्या त्या दोन-तीन शब्दांवर पेशंट परत येतो की नाही हे ठरतं, बाई!

आणि ही पळवाट नव्हे, हेही टीमला ठणकावून सांग. आधी शोधायचं, हात टेकले की मगच लिहायचं. एऑर्टिक स्टेनोसिसच्या, म्हणजे एऑर्टिक व्हॉल्व्ह अरुंद झालेल्या एका आजोबांना अॅपिकलवरून, म्हणजे हृदयाच्या टोकाकडून, रक्ताचा वेग मिळत होता सेकंदाला 3.4 मीटर. माझ्या ज्युनिअरने 'मॉडरेट' लिहून प्रोब पुसायलाही घेतला होता. मी आजोबांना उजव्या कुशीवर वळवलं, ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलेला पेन्सिल प्रोब काढला आणि छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला लावला. 4.3. चार गुणिले वेगाचा वर्ग. 46 चा ग्रेडियंट, म्हणजे व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक, 74 झाला. वेग चारच्या पुढे म्हणजे सिव्हियर. आजोबा व्हॉल्व्ह बदलायच्या चर्चेत आले. पेन्सिल प्रोबवर चित्र दिसत नाही, नुसता आवाज ऐकत जावं लागतं, म्हणून तो कुणाला नको असतो. तुझ्याकडचा कुठे आहे? उद्या शोध.

वेळेचं म्हणशील तर मीही भांडलेय. एका हॉस्पिटलात इकोची वेळ इतकी कमी केली की पेशंटने शर्टाची बटणं काढेपर्यंत निम्मी संपायची. मी ऐकलं नाही. अडेलतट्टू ठरले आणि शेवटी राजीनामा दिला. हळहळ वाटते ती तिथे तयार केलेल्या मुलींची. मी गेल्यावर महिन्याभरात त्याही टेम्प्लेटला शरण गेल्या, असं कानावर आलं. थांबले असते तर चाललं असतं का? लोक म्हणतात, थोडं जमवून घ्यायचं. कशाशी जमवून घ्यायचं? न पाहिलेल्या क्लॉटशी? मला आजही पटत नाही, आणि या वयात पटणारही नाही.

बाकी किरकोळ गोष्टी तुला कळतातच. पोर्टेबलची आयसीयू ड्युटी एकाच्याच माथी मारू नकोस, खांदे जातात. शेजारच्या बिल्डिंगमधून 'दोन मिनिटांसाठी मशीन पाठवा' असा गोड फोन येईल. पीसीपीएनडीटीच्या, म्हणजे गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याच्या नोंदणीत मशीनची जी जागा आहे, ती सोडून ते कुठेही जाणार नाही. इको मशीन असलं तरी. फोन कुणाचाही असो.

सीनियर मंडळींना शिकवायला जाऊ नकोस. त्यांच्या शेजारी उभी राहून स्वतः स्कॅन कर आणि त्यांच्यादेखत 'दिसलं नाही' असं लिही. नंतर प्रोब त्यांच्या हातात दे आणि म्हण, 'काका, तुम्हाला मिळतंय का बघा.' मिळालं तर पेशंटचं भलं. नाही मिळालं तर 'दिसलं नाही'वर त्यांचीही साक्ष झाली.

आयटीच्या मुलाच्या मागे लागून टेम्प्लेटमधली आधीच भरलेली वाक्यं काढून घे. 'पुढच्या महिन्यात करतो' म्हणेल, त्याच्या टेबलाशी जाऊन बस.

शेवटी विचारलंयस, 'साहेबांशी तुम्ही एकदा बोलाल का?' नाही बोलणार. तूच जा. ओपीडी संपल्यावर जा, आधी त्यांना चहा घेऊ दे, आणि असे दोन रिपोर्ट बरोबर ने ज्यांत 'नॉर्मल' लिहिलंय पण त्या व्ह्यूची क्लिपच सेव्ह केलेली नाही. क्लिप उघडायला त्यांनाच सांग.