इंग्रजीतील अपूर्ण वाक्य कसे ओळखावे?

निबंधातील काही वाक्यांखाली शिक्षक ‘फ्रॅगमेंट’ असा शेरा मारतात, पण ती वाक्ये तर चांगली लांबलचक असतात, मग त्यांत उणे काय, असे आपण विचारले आहे. लांबीचा येथे काहीही संबंध नाही. ‘ही स्लेप्ट.’ हे दोनच शब्दांचे वाक्य पूर्ण आहे. ‘द ओल्ड मॅन सिटिंग अंडर द बनियन ट्री निअर अवर स्कूल.’ हे मात्र अपूर्ण आहे, कारण त्यात क्रियापदच नाही. वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा क्रियावाचक शब्द ते क्रियापद, आणि ‘बसून’, ‘बसलेला’, ‘बसणे’ ही धातुसाधिते, असे आपण मराठीच्या तासाला शिकलेलो असतो. ‘सिटिंग’ आणि ‘टु सिट’ ही रूपे या दुसऱ्या गटातली आहेत. ‘सिटिंग’च्या आधी ‘वॉज’ आले की वरील वाक्य पूर्ण होते.

याहून फसवे उदाहरण म्हणजे ‘द गर्ल हू वन द प्राइझ.’ येथे ‘वन’ हे खरे क्रियापद आहे, परंतु ते ‘हू’ने सुरू होणाऱ्या गौण वाक्यात खर्ची पडले आहे आणि ‘द गर्ल’च्या वाट्याला काहीच उरलेले नाही. म्हणून क्रियापद सापडले एवढ्यावर न थांबता ते कोणत्या कर्त्याचे आहे, हेही पाहावे. ‘काल आलो’ म्हटले की क्रियापदाच्या रूपावरूनच बोलणारा कळतो; ‘केम येस्टरडे’वरून कळत नाही, त्यामुळे औपचारिक इंग्रजीत कर्ता लिहावाच लागतो. अपवाद आज्ञार्थाचा: ‘सिट डाउन.’ यात ‘यू’ गृहीतच असतो.

मराठी भाषकांची गफलत माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त होते ती ‘बिकॉज’पाशी. ‘मी आलो नाही. कारण मला ताप होता.’ असे मराठीत सहज खपून जाते. पण ‘बिकॉज आय हॅड फीव्हर.’ हे कर्ता आणि क्रियापद दोन्ही असूनही एकटे उभे राहू शकत नाही. ‘ऑलदो’, ‘इफ’, ‘व्हेन’ यांचेही तसेच. मात्र ‘बिकॉज’ने वाक्य सुरूच करू नये, हा अनेकांना शाळेत घालून दिलेला दंडक निष्कारण आहे, कारण ‘बिकॉज आय हॅड फीव्हर, आय स्टेड ॲट होम.’ हे वाक्य निर्दोष आहे. ‘बट ही डिड नॉट कम.’ हेही पूर्णच, कारण ‘बट’मुळे वाक्य गौण होत नाही.

संशय आल्यास विधानाच्या आधी ‘इट इज ट्रू दॅट’ हे शब्द जोडून वाचावे. ‘इट इज ट्रू दॅट ही स्लेप्ट’ नीट बसते. ‘इट इज ट्रू दॅट द गर्ल हू वन द प्राइझ’ लोंबकळत राहते. प्रश्नार्थी आणि आज्ञार्थी वाक्यांना ही कसोटी लागू पडत नाही.

डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ची (१८५२-५३) सुरुवात ‘लंडन.’ या एकाच शब्दाने होते, पण ती मुभा ललित लेखनाची आहे. आपल्या निबंधातला तुकडा बहुधा आधीच्याच वाक्याचा निखळलेला भाग असेल. मधला पूर्णविराम काढून तो तेथे जोडून पाहावा, आणि जुळला नाही तरच नवे क्रियापद शोधावे.