उपग्रह पाडायची गरजच काय?

प्रश्न असा आहे की उद्याच्या युद्धात शत्रूने क्षेपणास्त्र सोडून उपग्रहच पाडले, तर त्यांच्या जिवावर लढणारं सैन्य आंधळं होईल का. होईल, पण शहाणा शत्रू हा मार्ग सगळ्यात शेवटी धरेल. चीनने २००७ साली स्वतःचाच जुना हवामान उपग्रह फोडला, त्याचे ३,०००हून जास्त तुकडे नोंदले गेले. रशियाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तेच केलं, तेव्हा अंतराळ स्थानकातल्या सगळ्यांना परतीच्या यानांत आसरा घ्यावा लागला. त्यात दोघे रशियनच होते!

खरी दुखरी नस जमिनीवर आहे. जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर असतो. खाली पोचेपर्यंत सिग्नल इतका क्षीण होतो की रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटाखाली दबलेला असतो. तो बुडवायला जवळपासचा छोटा जॅमरही पुरतो. युक्रेनमध्ये जीपीएसवर चालणारे अमेरिकी एक्सकॅलिबर तोफगोळे आधी नेमके पडत होते, रशियन जॅमिंगपुढे त्यांची अचूकता पार ढासळली. स्पूफिंग, म्हणजे खोटा सिग्नल पाठवणं, त्याहून वाईट: रिसीव्हर बिनदिक्कत खोटी जागा दाखवतो आणि माणूस विश्वास ठेवतो.

वेळेचं मात्र कुणी बोलत नाही. फ्रीक्वेन्सी बदलत राहणाऱ्या रेडिओ संचांनी एकाच क्षणी उडी मारायची असते, आणि तो क्षण बरेचदा जीपीएसवरून येतो. जीपीएस गेलं तरी लगेच काही बिघडत नाही. आतलं घड्याळ काही काळ तग धरतं, मग सरकत जातं, आणि संच एकमेकांना ऐकू येईनासे होतात. ऑपरेटर बिचारा अँटेना तपासत बसतो.

उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या अमेरिकी व्हायासॅट कंपनीचं उदाहरण तर आहेच. २४ फेब्रुवारी २०२२ ला, आक्रमणाच्याच दिवशी, हॅकर्सनी हजारो मोडेमची मेमरी पुसली. युक्रेनमधल्या तिच्या ग्राहकांचा संपर्क तुटलाच, वर जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांची दूरस्थ देखरेखही बंद पडली. उपग्रहाला साधा ओरखडा नाही.

हजारो छोटे उपग्रह सोडणं हा क्षेपणास्त्रावर चांगला तोडगा आहे, अंतराळातल्या अणुस्फोटावर नाही. १९६२ च्या स्टारफिश प्राइम या अमेरिकी अणुचाचणीनंतर किरणोत्सर्गाने कक्षेतले बरेच उपग्रह पुढच्या काही महिन्यांत निकामी होत गेले. आज तसं झालं तर स्फोट करणाऱ्याचेही उपग्रह वाचणार नाहीत, म्हणून शक्यता कमी धरतो. पण ज्याचं वर फारसं काही नाही, त्याच्याबाबत हा हिशोब लागू पडत नाही.

उपाय कंटाळवाणे आहेत: जॅमरची दिशा दाबणारे अँटेना, जडत्वीय दिशादर्शन (बाहेरच्या सिग्नलशिवाय, स्वतःच्या हालचालीवरून जागा काढणं), चांगली घड्याळं, आणि जीपीएस मुद्दाम बंद ठेवून केलेले सराव. अमेरिकी नौदल अकादमीने बंद केलेलं ताऱ्यांवरून दिशा काढण्याचं शिक्षण २०१५ मध्ये पुन्हा सुरू केलं, ते हौसेखातर नव्हे.