अरुंद रस्त्यावर कार आणि बाईकवाल्यांनी एकमेकांना कसं सांभाळून घ्यायचं?

मी दोन्ही चालवतो, घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, त्यामुळं हे रोजचंच आहे भावा. बाईकवाल्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कारच्या डाव्या मागच्या दाराजवळ तुम्ही असला की ड्रायव्हरला आरशात दिसतच नाही, आणि नेमकं तिथूनच सगळे घुसतात, मग कार डावीकडं वळली की संपलंच. त्याचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाबी तुम्ही दिसत नाही असंच समजा.

कारवाल्यांनी महाद्वार रोडसारख्या गर्दीत गाडी थांबवली की दार डाव्या हातानं उघडायचं, आपण उजवीकडं बसतो ना, मग अंग आपोआप वळतं आणि मागनं येणारा दिसतो. मला दाराचा फटका बसलाय एकदा, तवापासनं घरातल्या सगळ्यांना हीच सवय लावलीय. बाईक ओलांडताना हातभर तरी जागा सोडा, खड्डा चुकवायला तो कधीबी बाजूला येतो.

भुईबावडा घाटात अरुंद जागी चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, नियमच आहे तो. आणि ऊसाच्या सीझनला रात्री ट्रॉलीच्या मागं चिकटू नका, कित्येकांना मागं लाईटच नसते.