आमेन म्हणणारा मोठा कसा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या वेळी किद्दूशवर, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी पेला हातात घेऊन म्हणतात त्या प्रार्थनेवर, लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, "ब्राखा म्हणणाऱ्यापेक्षा आमेन म्हणणारा मोठा". त्यावरून इतके प्रश्न आले की यावेळी फक्त आमेनवरच लिहितेय. आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, घरांबाहेरचे वाचक पण आहेत म्हणून आधीच सांगते, ब्राखा म्हणजे "बारूख अत्ता"ने सुरू होणारं स्तुतीचं वाक्य, खाण्याआधी, पिण्याआधी, वीज चमकली तरी, आणि ते कोणी म्हटलं की ऐकणाऱ्याने आमेन म्हणायचं.

प्रश्न: शुक्रवारी संध्याकाळी किद्दूश बाबा म्हणतात, शरबताचा पेला त्यांच्या हातात, पाठांतर त्यांचं. आम्ही नुसतं आमेन. मग मोठे आम्ही कसे?

हे वाक्य माझं नाही, तालमुद या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, त्याच्या ब्राखोथ भागात, रब्बी (धर्मपंडित) योसेंचं आहे. लगेच पुढे रब्बी नेहोराई लढाईचा दाखला देतात, साधे शिपाई आधी उतरून लढाई सुरू करतात आणि शूर वीर मागून येऊन ती जिंकतात. म्हणजे बाबांनी सुरू केलं ते तुमच्या आमेनने पूर्ण होतं.

मला हे साक्षीदारासारखं वाटतं. एकटा माणूस बोलला की ते त्याचं बोलणं, दुसऱ्याने "हो, खरंय" म्हटलं की ती गोष्ट दोघांमध्ये पक्की झाली. आमेन आणि एमुना, म्हणजे श्रद्धा, हे दोन्ही शब्द एकाच धातूतले. तालमुदमध्येच दुसरीकडे म्हटलंय की आमेनमध्ये तीन गोष्टी आहेत, शपथ, मान्यता आणि 'हे असंच होवो'. तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात, लेवी लोक एकेक शाप उच्चारतात आणि सगळी प्रजा आमेन म्हणते, १२ वेळा. तिथे कोणी नुसतं प्रेक्षक म्हणून उभं नव्हतं, प्रत्येक आमेनने माणूस बांधला जात होता.

अजून एक, आकड्यांचं. हिब्रूत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो, आमेनमधलं आलेफ १, मेम ४०, नून ५०, बेरीज ९१. देवाचं जे चार अक्षरी नाव आपण उच्चारत नाही त्याची बेरीज २६ आणि त्याच्या जागी तोंडाने जे म्हणतो त्याची ६५, दोन्ही मिळून ९१. ब्राखा म्हणणाऱ्याच्या तोंडून एकच नाव येतं, आमेनमध्ये दोन्ही एकत्र येतात. आकड्यांवर श्रद्धा उभी करू नये असं माझं मत आहे, पण हा हिशोब मला फार आवडतो.

प्रश्न: आमच्याकडे प्रार्थना इतकी फास्ट चालते की हझान (प्रार्थना चालवणारे) काय म्हणाले कळतच नाही, बाकीचे आमेन म्हणतात म्हणून मी पण म्हणतो. चालतं का?

नाही चालत, आणि याला नावसुद्धा आहे, अनाथ आमेन. तालमुदने तीन आमेन बाद केलेत. पहिलं हिसकावलेलं, म्हणजे ब्राखा संपायच्या आधीच उडी मारलेलं, किंवा पहिलं 'आ' गिळून नुसतं "अमेन" केलेलं. दुसरं तुटलेलं, शेवटचा 'न' ऐकूच येत नाही, "आमे" करून माणूस पुढे. आणि तिसरं अनाथ, ज्याला आईबाप नाहीत, कारण कशाला उत्तर देतोय हे म्हणणाऱ्याला माहीतच नाही. आपण बहुतेक जण दिवसभरात या तिन्ही चुका करतो, घाई असते, हातात मोबाईल असतो, मन बाहेर लावलेल्या गाडीत असतं.

शुल्खान आरुख हा धर्मनियमांचा ग्रंथ सांगतो की आमेन थोडं लांबवावं, मनात "एल मेलेख नेएमान" म्हणून होईल इतकंच. अर्थ, देव विश्वासू राजा, आणि या तीन शब्दांची पहिली अक्षरं जोडली की आमेनच होतं. त्याहून जास्त ताणू नका. आणि आवाज ब्राखा म्हणणाऱ्याच्या वर जाऊ देऊ नका, ते पण तालमुदमध्येच आहे.

तालमुदमधल्या रेश लाकीश या पंडितांचं एक वचन सगळ्यांना पाठ असतं, जो पूर्ण ताकदीने आमेन म्हणतो त्याच्यासाठी गान एदेनची, म्हणजे स्वर्गातल्या बागेची, दारं उघडतात. लोक ताकद म्हणजे घसा समजतात. तालमुदचे भाष्यकार राशी यांनी तिथे अर्थ दिलाय, कव्वानाची ताकद, म्हणजे मन लावून. हझानला हळू म्हणायला सांगा, प्रेमाने सांगा, पण सांगा.

प्रश्न: इस्राएलमध्ये अश्दोदला भाच्याचं बार मित्स्वा (मुलगा तेरा वर्षांचा झाला की होणारा धर्मविधी) आहे, आम्ही ठाण्यातून झूमवर बघणार. आमेन म्हणायचं की गप्प बसायचं?

हा प्रश्न आला आणि मला अलेक्झांड्रियाचं सिनॅगॉग आठवलं. तालमुदच्या सुक्का भागात त्याचं वर्णन आहे, खांबांच्या दुहेरी रांगा, सोनार वेगळे बसलेले, लोहार वेगळे, विणकर वेगळे, मधोमध लाकडी चौथरा आणि जागा इतकी अफाट की मागच्यांना आवाज पोचतच नव्हता. मग सेवक त्या चौथऱ्यावर उभा राहून कापड हलवायचा आणि सगळे एकदम आमेन म्हणायचे. पुढच्या पंडितांनी विचारलं, हे अनाथ आमेन नाही का? उत्तर असं, नाही, कारण कोणती ब्राखा चाललीय हे त्यांना ठाऊक होतं.

याच आधारावर लाइव्ह कार्यक्रमात, कोणती ब्राखा आहे हे कळत असेल तर, आमेन म्हणायला बरेच रब्बी हरकत घेत नाहीत. काही जण मनाई करतात, तेव्हा तुमच्या रब्बींना विचारा. मात्र तुमच्यावर जी ब्राखा बंधनकारक आहे ती झूमवरून ऐकून फिटत नाही, ती स्वतः म्हणा. आणि नंतर रेकॉर्डिंग लावून बसलात तर त्याला आमेन नाही, तिथे त्या क्षणी कोणी ब्राखा म्हणतच नाहीये.

प्रश्न: मुलगी दोन वर्षांची आहे, आम्ही काहीही बोललो की आमेन! फोनवर बोलणं संपलं तरी आमेन! थांबवावं का?

अजिबात नको! तालमुदच्या सान्हेद्रिन भागात चर्चा आहे की लहान मुलाला येणाऱ्या जगात वाटा कधीपासून मिळतो. कोणी म्हणतं जन्मल्यापासून, कोणी म्हणतं बोलायला लागल्यापासून, आणि रब्बी मेइरांच्या नावाने उत्तर आहे, आमेन म्हणेल तेव्हापासून. धर्माचा पहिला शब्द तिला सापडलाय, तुम्ही फक्त तो योग्य जागी लावा. खाऊ देताना ब्राखा मोठ्याने म्हणा आणि थांबा, तिला वेळ द्या.

माझी आजी हेच करायची. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून शरबत झालं की किद्दूशला आमच्या डोळ्यांकडे बघत बसायची आणि सगळ्या नातवंडांचं आमेन ऐकू आल्याशिवाय पेला पुढे सरकायचा नाही. कोणी आमेन खाल्लं की नुसती भुवई वर. मला नियम नंतर पुस्तकात कळले, सवय त्या भुवईने लागली.

मुलगी मोठी होऊन खरोखर खाताना ब्राखा म्हणेल तेव्हा तुम्ही तिला आमेन म्हणा. नुसता पाठ घेत असेल तर म्हणायचं नसतं.

प्रश्न: मलिद्याला (फळं आणि गोड पोह्यांचं ताट मांडून करतो त्या विधीला) शेजारीण येते, हिंदू आहे, आमच्याबरोबर आमेन म्हणते. काही अडचण?

काही नाही. तिला अर्थ सांगा म्हणजे झालं. मलिद्याचं ताट ब्राखा शिकायला उत्तमच, खजूर उचलला की "बोरे पेरी हाएत्स", झाडाचं फळ निर्माण करणारा, केळं उचललं की "हाअदामा", जमिनीचं, कारण केळीला हलाखा, म्हणजे धर्मनियम, झाड मानत नाही, आणि दर वेळी सगळ्या खोलीचं आमेन. उलट बाजूचाही नियम आहे, सोळाव्या शतकात क्राकोच्या रब्बी मोशे इसर्लेसांनी लिहून ठेवलंय की यहुदी नसलेल्या माणसाने देवाची ब्राखा म्हटली आणि ती आपण पूर्ण ऐकली तर आपण आमेन म्हणावं.

प्रश्न: स्वतःच्या ब्राखाला स्वतः आमेन?

नाही. जेवणानंतरच्या प्रार्थनेत येरुशलेम बांधण्याची ब्राखा आहे, तिथे मात्र स्वतःच म्हणतात.

प्रश्न: बाबा गेले, मी रोज कद्दीश (गेलेल्यांसाठी सिनॅगॉगमध्ये म्हणतात ती प्रार्थना) म्हणतो. लोक गप्पा मारत असतात, दोनचार जण उत्तर देतात. फार लागतं. माझ्या कद्दीशला अर्थ राहतो का?

वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. तुम्हाला लागतंय ते बरोबर आहे, कारण कद्दीश हे उत्तर मिळण्यासाठीच आहे, म्हणून तर मिन्यान, दहा जण लागतात. त्याचा गाभा आहे "आमेन, येहे शेमे रब्बा मेवाराख", त्याचं महान नाव धन्य असो, आणि हे तर समोरच्यांनी म्हणायचं असतं. आमिदा, म्हणजे उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना, हझान परत मोठ्याने म्हणतात त्याबद्दल शुल्खान आरुख फार कडक आहे, लक्ष देणारे नऊ जण नसतील तर त्या ब्राखा वाया गेल्यासारख्याच. तेव्हा दोष गप्पा मारणाऱ्यांचा आहे, तुमचा नाही, आणि तुमच्या बाबांचा तर नाहीच.

एक गोष्ट सांगते. रब्बी योसे येरुशलेमच्या एका पडक्या वास्तूत प्रार्थनेला शिरले. प्रार्थना होईपर्यंत दारात थांबून राहिले एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, ज्यांना आपण मलिद्याला बोलावतो तेच. बाहेर आल्यावर एलियाहूंनी सांगितलं, इस्राएल लोक सिनॅगॉगमध्ये जाऊन "त्याचं महान नाव धन्य असो" असं उत्तर देतात तेव्हा देव मान हलवून म्हणतो, ज्या राजाची त्याच्या घरात अशी स्तुती होते तो सुखी. त्या पडक्या भिंतीत रब्बी योसे एकटेच होते, आणि तिथे ऐकू आला होता तो देवाचा शोक, मुलांना दूर पाठवलं म्हणून केलेला. त्यामुळे तुमचं एकटेपण ऐकलं जात नाही असं कृपा करून समजू नका.

आता करायचं काय, तर उभं राहण्याआधी डावीउजवीकडच्या दोघांना हळूच सांगा, "आज बाबांसाठी म्हणतोय, जरा मोठ्याने उत्तर द्या". माझ्या मामांनी आजी गेल्यावर असंच केलं होतं. शेजारच्या दोघांनी फोन खिशात टाकले, त्यांचं बघून मागच्या बाकावरच्यांनी टाकले, आणि त्या दिवशीचं आमेन वर बायकांच्या गॅलरीत आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.