८ वर्षांच्या लॅबला (लॅब्राडोर कुत्र्याला) सोबत म्हणून दुसरं पिल्लू आणावं का? ओळख कशी करून द्यावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघंही नोकरीला, लॅब दिवसभर घरात एकटा, म्हणून त्याच्या सोबतीला पिल्लू आणायचंय. ओळख कशी करून द्यायची ते सांगते पुढे, पण या 'सोबत' शब्दावरून आमच्या घरात सख्ख्या भावाबहिणीत महिनाभर अबोला झालेला आहे, त्यामुळे आधी तेच सांगते.

आमची राणी. लॅबच, फॉन कलरची, २०१९ ला ९ वर्षांची होती. आम्ही सांगलीचे, विश्रामबागला राहतो. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे, गावभाग मारुती चौक सगळं पाण्याखाली. आमच्याकडे पाणी आलं नव्हतं म्हणून दादा रोज मित्रांबरोबर बोटीतून दूध-पाणी वाटायला जायचा. एका संध्याकाळी जर्किनच्या आत पिल्लू घालून आला. गावठी, काळं, दीड-दोन महिन्यांचं, कुठल्यातरी पत्र्यावर अडकून ओरडत होतं म्हणे. बोटीतून आलं म्हणून बोट्या. त्याला आणलं यात दादाचं काहीच चुकलं नाही, मी असते तर मीपण आणलं असतं. पण दारातनंच म्हणाला, "चला, राणीला सोबत झाली", आणि ते ओलं पिल्लू सरळ तिच्या गोधडीवर तिच्या नाकासमोर नेऊन ठेवलं. तिथनं सगळं बिघडलं.

राणीची जागा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, गार फरशीवर. बोट्या दिवसभर तिच्या कानाला लोंबकळायचा, पिल्लाचे दात सुईसारखे असतात तुम्हाला माहीतच आहे. राणी आधी तोंड फिरवायची, मग जीभ नाकावरून फिरवायची, मग डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागायचं, आणि शेवटी उठून जायची. उठताना पुढचे पाय आधी रोवून मागचं धड ओढल्यासारखं वर घ्यायची. ते मी रोज बघत होते आणि मला कळलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पाचव्या-सहाव्या दिवशी ती गुरगुरली. दादाने पेपरची गुंडाळी करून तिच्या तोंडावर मारली, "लहान आहे तो, कळत नाही?" असं चारपाच वेळा झालं. मग राणी गुरगुरायची बंद झाली आणि दादा येईल त्याला सांगत सुटला की बघा, ॲक्सेप्ट केलं तिने.

तिसऱ्या आठवड्यात एका रविवारी बोट्या दिवाणावरून उडी मारून थेट तिच्या कमरेवर पडला. गुरगुर नाही, काही नाही, एकदाच खाडकन तोंड. कान फाटला. कुत्र्याचा कान फाटला की ते डोकं झटकत राहतं आणि रक्त उडत राहतं, आमच्या फ्रीजपासून स्विचबोर्डापर्यंत थेंब उडाले होते, आई नुसती रडत होती. दोन टाके पडले. आणि दादा काय म्हणाला तर "ही खुनशी झालीय, जळते त्याच्यावर".

बोट्याबरोबर राणीलाही नेलं म्हणून कळलं. डॉक्टर फरशीवरच बसले आणि तिचा मागचा पाय हळूच मागे ओढून बघितला. तिने मान वळवून त्यांच्या हातावर फक्त तोंड टेकवलं, चावली नाही. एक्स-रे काढला तर दोन्ही खुबे झिजलेले. लॅबला या वयात हे खूप कॉमन आहे. इतक्या दुखण्यावर एक पिल्लू दिवसभर नाचत होतं, ती सांगत होती, आणि सांगितलं की तिला मार पडत होता. कुत्रं गुरगुरलं तर त्याला मारू नका हो, कधीच. मारल्याने दुखणंही जात नाही आणि रागही जात नाही, फक्त आवाज बंद होतो आणि मग डायरेक्ट दात येतात. गुरगुरला की पिल्लू उचला, बस.

ओळखीचं म्हणाल तर घरात करून देऊच नका. बाहेर मोकळ्या जागेत दोघांना वेगवेगळ्या पट्ट्यावर, दोन माणसांनी, दहाबारा फूट अंतर ठेवून एकाच दिशेने चालवा, मग दोनचार सेकंद हुंगू द्या आणि पुढे चला. (पिल्लाचे लसीचे डोस पूर्ण नसतील तर जिथे बाकी कुत्री फिरत नाहीत अशी जागा बघा, कुणाची तरी गच्ची चालेल.) जेवण वेगळ्या खोलीत, हाडं-खेळणी सुरुवातीला उचलूनच ठेवा. आणि मोठ्याला अशी एक जागा पाहिजेच जिथे पिल्लू पोचणार नाही. आम्ही स्वयंपाकघराच्या दाराला आडवी फळी लावली आणि राणीला दुखण्याचं औषध सुरू केलं, तेव्हा कुठे ती पोटभर जेवायला लागली. माणसाची पेनकिलर मात्र देऊ नका, आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या किडन्या जातात.

एक राहिलं, पिल्लू रस्त्यावरचं असेल तर पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा आणि तुमच्या लॅबचे पार्वो-डिस्टेंपर (कुत्र्यांचे जीवघेणे साथीचे आजार), रेबीजचे बूस्टर झालेत का बघून घ्या. पिल्लाचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांचं होईपर्यंत चालतात, मधला एकही चुकवू नका. पुराच्या पाण्यातलं असेल तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) लसीचंही विचारा, तो आजार उंदराच्या मुतातून येतो आणि माणसालाही होतो. आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं, नशिबाने निभावलं.

सगळीकडे असंच होतं असं नाही. काही म्हातारी कुत्री पिल्लू आल्यावर परत खेळायला लागतात, मी बघितलीत. बोट्या आणि राणीचंही पुढे जमलं, म्हणजे मिठीत वगैरे झोपली नाहीत कधी, पण थंडीत तो तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन झोपायचा आणि ती उठून जायची नाही. २०२२ ला राणी गेली. दादा अजून लग्नाकार्यात कुणी कुत्र्यांचा विषय काढला की "राणी शेवटी शेवटी खुनशी झाली होती" म्हणतो. नव्हती झाली. पिल्लू आम्हाला पाहिजे होतं, तिने मागितलं नव्हतं. तुम्हाला पाहिजे असेल तर तुमच्यासाठी म्हणून आणा, लॅबच्या एकटेपणाला दुपारी कुणीतरी येऊन अर्धा तास फिरवून आणलं तरी पुष्कळ फरक पडतो.

आणि ८ वर्षांचा लॅब आहे ना, मग पिल्लू ठरवायच्या आधी त्याच्या कमरेचा एक्स-रे काढून घ्या. झोपेतून उठताना मागचे पाय कसे टाकतो ते आजच बघा.